दोन्ही आधी अळी

मी शाळेत गेले सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते नवऱ्याच्या पिशवीतून. हे पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापताना बिघडलेले, शाई फासलेले पुस्तकांचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे सुटे गठ्ठे, रद्दीत जायचे, त्यातले बरे बघून हे घरी आणायचे आणि कणीक मुरेपर्यंत मी ते वाचत बसायची. त्यामुळे मला पुष्कळ विषयांची माहिती आहे, पण मधूनच. मधमाश्या कळल्या त्या पोळं बांधून झाल्यानंतरच्या, आणि शिवणकाम आलं ते बाहीपर्यंत. कॉलर कशी लावायची तो फर्मा काही रद्दीत आला नाही.

यांचा स्वभाव धंद्यात मुरला होता. चूक दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं यांना. लग्नाला जेवायला बसलो तरी पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ काढायचे. मी गावाकडची, नवी नवी 'पानी' म्हणायची, तर 'पाणी' म्हणेपर्यंत पेला हातात घ्यायचे नाहीत. मी चिडायची. बरोबर बोलले की नुसतं 'हं' आणि चुकले की अख्खं वाक्य, म्हणजे या माणसाशी गप्पा मारायच्या तर चुकतच राहायला हवं, असं मी माहेरी सांगून हसवायची सगळ्यांना.

तर असा हा माणूस जर्मनीत आला आणि मुका झाला.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मुलगा एर्लांगेनला, आजारपणात लागणारी मोठाली यंत्रं बनवतात तिथे इंजिनिअर. सूनबाई सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही दोघं त्यांच्याकडे शरदात आलो होतो, पानं पिवळी होताना बघायला. ती बघून झाली आणि परतीच्या तयारीला लागलो, तेवढ्यात एका सकाळी यांच्या हातातला चहाचा कप तिरका झाला आणि तसाच तिरका राहिला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. सूनबाईनं प्रसंगावधान राखून लगेच फोन केला म्हणून जीव वाचला. हातापायांत हळूहळू बळ आलं, काठी घेऊन चालायला लागले. पण बोलणं गेलं ते गेलंच. अर्धांगाला तिथे श्लागआनफाल म्हणतात. मुलगा आउसलेंडरबेहोर्ड नावाच्या कचेरीत आमचा व्हिसा वाढवून घ्यायला खेटे घालत होता, आणि मी घरात बसून या माणसाच्या तोंडाकडे बघत होते.

डोकं शाबूत होतं, हे डोळ्यांत दिसायचं. मी भाजीत मीठ विसरले तर भुवया वर जायच्या. पण शब्द म्हणून नाही. नुसतं 'अं… अं' करायचे आणि मग डावा हात असा झटकायचे, जाऊ दे म्हणून. तो झटकलेला हात मला सहन व्हायचा नाही. मी बोलकी बाई आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पुण्याला परत जायचं म्हणजे आम्ही दोघंच. त्या घरात मी दिवसभर बोलणार आणि समोरून चूक काढायलाही कोणी नाही. म्हणजे माझं बोलणं बरोबर की चूक हे यापुढे कळणारच नाही की काय, अशी काहीतरी वेडी भीती बसली होती मनात.

बोलणं शिकवणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण मला मुलगीच. तिला लोगोपेडिन म्हणायचे. फार गोड. मुलगा दुभाषा म्हणून कामावर उशिरा जायचा आणि आमच्याबरोबर बसायचा. ती चित्रांच्या पाट्या दाखवायची आणि हे काय म्हणून विचारायची. आता त्या चित्रांत एक ब्रेझल, म्हणजे त्यांचा तो वेटोळ्यासारखा पाव, एक बर्फावरची घसरगाडी, एक चिमणीतून उतरणारा काळा झाडूवाला. मी मुलाला म्हटलं, अरे तिला सांग, हे धडधाकट होते तेव्हाही यांना यातलं एक नाव आलं नसतं. तिनं मनापासून माफी मागितली आणि पुढच्या वेळी सफरचंद, कुत्रा, घर असं सोपं आणलं.

एकदा तिनं माझ्याकडे बोट करून विचारलं, ही तुमची कोण, आणि हिचं नाव काय? यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि अगदी घट्ट तोंड मिटून घेतलं. तिचा चेहरा पडला. बायकोचंही नाव आठवत नाही म्हटल्यावर पडणारच. मुलगा हसू दाबत तिला समजावत होता, की आमच्या घरात वडिलांनी आईला नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नाही. 'अगं' म्हणतात. कधी कधी नुसतं खाकरतात. तिनं हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुमच्या आईला कसं कळतं की आपल्यालाच बोलावतायत? मुलानं माझ्याकडे बघितलं. कळतं, मी म्हटलं.

जाताना ती मात्र काळजीतच होती. म्हणाली, हे पहिले महिने महत्त्वाचे आहेत, शब्द सुटतील ते आता सुटतील. आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे घरी त्यांच्याच भाषेत बोला, दोन सारख्या वस्तू समोर ठेवा आणि यात सारखं काय, वेगळं काय, ते विचारत राहा. दुसरी, शब्द येऊ लागले की चुकीचेही येतील. मीठ म्हणायचं असेल आणि खिडकी म्हणतील. तेव्हा हसू नका, रागावू नका.

मी घरी पळी आणि डाव ठेवून बघितला. पोळी आणि पाव ठेवला. हे दोन्ही वस्तूंकडे अशा नजरेनं बघायचे की मलाच शाळेत नापास झाल्यासारखं वाटायचं.

थंडी अशी की यांचा उजवा हात आखडून जायचा. सूनबाईला कुणीतरी सांगितलं की बसनं थोडं बाहेर गेलं की एक मोठी रोपवाटिका आहे आणि तिच्या मागे काचेचं घर करून त्यात देशोदेशीची फुलपाखरं सोडली आहेत. आत ऊब असते. म्हणाली, "आई, तुम्ही दोघं तिथे जाऊन बसा. घरात हीटर लावून बाबांचा हात सुटत नाही, तिथे सुटेल."

तिथे आत शिरलो आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. पुसून बघते तर बाहेर पांढरंफटक बर्फ आणि आत केळी, जास्वंद, आणि माती ओली झाल्याचा वास. मी कोट काढला, स्वेटर काढला, आणि कित्येक आठवड्यांनी नुसत्या साडीवर बसले. यांनी उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली. मग आम्ही जवळजवळ रोजच जायला लागलो. तिकिटावरची बाई माझ्याच वयाची, उंचनिंच, फारशी न हसणारी. तिला आमची भाषा येत नाही, मला तिची नाही, त्यामुळे आमचं छान जमलं.

आमच्या बाकासमोर आफ्रिकेचा कोपरा होता. त्यात दोन जीव मला आवडायचे. एक काळ्या अंगाचं, त्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखावर तांबडा-निळा डोळा. ते एक क्षण टेकायचं नाही. या फुलावर त्या फुलावर, आणि तिथेच कुंडीतल्या लिंबाच्या पानांवर अंडी. त्याची अळी मी लगेच ओळखली. आमच्या पुण्याच्या घरी लिंबावर आणि कढीपत्त्यावर अगदी तस्सच येतं. अळी लहान असते तेव्हा चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पाखरू खायला येत नाही. डिवचलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि घाण वास सोडते. मी चिमट्यानं किती काढून टाकल्यात. इथे तिकीट काढून तिला बघत होते.

आणि दुसरं, फिकट हिरवं. ते पानाखाली पंख सपाट पसरून दिवसभर लटकलेलं असायचं. तळहाताएवढं, मागच्या पंखांना दोन लांबलचक शेपट्या, रिबिणीसारख्या पिळलेल्या. मिशा म्हणाल तर नेच्याच्या पानासारख्या पिसारेदार. हालचाल नाही, खाणं नाही. मला वाटायचं आजारी आहे बिचारं.

मी आपली नेहमीसारखी बडबड चालू ठेवली होती. काळं कसं अवखळ आहे आणि हिरवं फुलपाखरू बघा किती शहाण्यासारखं बसलंय, असं काहीसं म्हटलं. तर हे 'अं' करायला लागले. मी म्हटलं पाणी हवं का? डावा हात हलला, पण झटकला नाही. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम. आणि मग स्पष्ट म्हणाले,

"पतंग."

मी इतकी हबकले की रडूच आलं. आला, शब्द आला. पण पतंग? मी वर बघितलं, छताकडे, काचेपलीकडे आभाळाकडे. कुठे काही उडत नव्हतं. ते पुन्हा म्हणाले, "पतंग." जोर देऊन. मग लक्षात आलं, त्या मुलीनं सांगितलं होतं तेच हे. मिठाला खिडकी. आणि संक्रांत तोंडावर आली होती, आदल्याच संध्याकाळी सूनबाईनं घरात तीळ भाजले होते. लहानपणच्या गच्चीवरच्या पतंगात मन गेलं असणार. मी रागावले नाही, हसले नाही. म्हटलं, हो हो, पतंग. छान. आणि त्यांच्या हातावर थोपटलं. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर मी ही बातमी सांगितली आणि मुलगा तसाच सायकलवर बसून गेला. जर्मन लोक पतंग उडवतात शरदात, जानेवारीत कोण विकतोय. कुठून तरी शोधून आणला. पतंगाला ते लोक ड्राखन म्हणतात, आणि ड्राखन म्हणजे तोंडातून आग ओकणारा तो राक्षसी प्राणीही. त्यामुळे पतंगावर त्याच प्राण्याचं तोंड, दात विचकलेलं, मागे भडक शेपूट. बापाच्या मांडीवर ठेवला. बापानं त्या दातांकडे बघितलं, मग मुलाकडे, मग माझ्याकडे. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवस 'अं'सुद्धा नाही.

मुलगा म्हणाला, आई, मला वाटतं रंग आवडला नाही त्यांना.

रविवारी तो आमच्याबरोबर काचघरात आला. मी मुद्दाम त्याला आफ्रिकेच्या पाट्या वाचायला लावल्या, कारण मधूनच कळायची सवय असली तरी कधीतरी सुरुवातही कळावी. काळ्याच्या पाटीवर लिहिलं होतं, पाकोळी पक्ष्याच्या शेपटीचं. आता त्याला शेपटी नव्हतीच. हिरव्याला एवढी लांब शेपटी, तर त्याच्या नावात शेपटीचा उल्लेख नाही. त्याचं नाव मोंडस्पिनर. म्हणजे चांदाचं सूत कातणारा. मुलगा म्हणाला, तसं स्पिनर म्हणजे वेडपटही. चांदखुळा म्हण हवं तर. पाटीवर पुढे होतं की काळ्याला सोंड असते, ते फुलातला रस पितं, ओल्या मातीतलं पाणी पितं. हिरव्याला तोंडच नाही. म्हणजे आहे, पण नावापुरतं. अळी असताना जे खाऊन घेतलं त्यावरच पुढचे मोजके दिवस काढायचे. काळ्याचा कोश उघडाच, एका धाग्याच्या आधारानं काटकीला टेकलेला. हिरव्याचा चांदीच्या रंगाचा, रेशमाचा, आणि त्याला बारीक बारीक भोकं. मादी रात्री एका जागी बसून नुसता गंध सोडते आणि नर त्या पिसारेदार मिशांनी तो हुंगत लांबून येतो. मी म्हटलं, म्हणजे तीही नाव घेत नाही म्हणायची. मुलगा हसला. पुढची ओळ वाचून तो म्हणाला, "काळं ते टागफाल्टर, दिवसाचं. हिरवं नाख्टफाल्टर, रात्रीचं. म्हणजे ते फुलपाखरू नाहीच, आई. ते… काय म्हणतात गं आपल्यात? दिव्यावर येतो तो."

मी पाटी सोडून त्या हिरव्याकडे बघितलं.

दिव्यावर झेप घेतो तो. पिसारेदार मिशांचा. दिवसा पंख सपाट पसरून बसतो तो. मी यांच्याकडे वळले. हे शांत बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, अगदी छापखान्यातल्या खुर्चीत बसल्यासारखे. मी म्हटलं, "अहो, हा पतंग? तुम्ही याला पतंग म्हणत होता?"

हे इतका वेळ बघत राहिले माझ्याकडे, की जवळचं काळं पाखरू येऊन काठीवर बसलं आणि उडालं. आणि मग, सगळे शब्द एकमेकांना चिकटून, पण एकाही अक्षराची चूक न करता म्हणाले,

"तुला काही कळत नाही."

मी तर पदर तोंडात कोंबला. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल आणि किती वेळा त्यावरून भांडले असेन. त्या दिवशी वाटलं, पुन्हा एकदा म्हणा. तिकिटाची बाई धावत आली, तिला वाटलं मला भोवळ आली. मी तिचे हात धरले आणि मराठीत सगळं सांगितलं. तिनं 'या, या', म्हणजे त्यांचं हो हो, करत सगळं ऐकलं.

नंतर त्या गोड मुलीनं सांगितलं की असं होतं म्हणे. जी वाक्यं वर्षानुवर्षं तोंडात घोळलेली असतात ती आधी येतात, शिव्या, प्रार्थना, मोजणी. शिव्या ठीक आहे, मी म्हटलं, आमच्याकडे हे आहे.

पण मला जे कळायचं ते कळलं होतं. पळी आणि डाव समोर ठेवून हा माणूस बोलणार नव्हता. यांना प्रश्न विचारून उपयोग नाही, यांच्यापुढे चुकायला हवं. मी चुकायला लागले. रोज काचघरात बसायचं आणि धडधडीत खोटं बोलायचं. "बघा, काळं कसं लटकून झोपलंय." की लगेच, "हि… हिरवं." "हिरव्यानं आज फुलातलं काय काय खाल्लं असेल नाही?" की, "तोंड नाही." "काळ्याचा कोश रेशमाचा." "धागा. एक धागा." कधी अर्धा शब्द यायचा, कधी भलताच. एकदा लिंबाला लोखंड म्हणाले आणि स्वतःच दचकले, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं. ते दुरुस्त करणं मला त्या शब्दापेक्षा मोठं वाटलं. काही वेळा मी खरंच चुकायची, मुद्दाम नाही, आणि यांना तो फरक कळायचा. तेव्हा 'तुला काही कळत नाही'ला जास्त धार असायची.

हिरवे पतंग चार-सहा दिवसांत जायचे. जागेवर दुसरे यायचे, काचेच्या पेटीत टांगलेल्या त्या चांदीच्या कोशांतून. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, मग वाटेनासं झालं. तिकिटाच्या बाईनं एकदा रिकामा कोश माझ्या हातावर ठेवला. भोकं आरपार, आणि कसला हलका. यांनी बोटानं चाचपला आणि म्हणाले, "छा… छान."

बर्फ वितळायला लागलं तेव्हा त्या मुलीनं पुन्हा बैठक ठेवली. मी मुलाला सांगून ठेवलं होतं, तिला म्हणावं, चित्रं नकोत, आफ्रिकेचे दोघं विचार. तिनं विचारलं. या दोघांत सारखं काय?

हे विचार करत बसले. मुलगा पुढे झुकला, मी त्याचा कोट मागून ओढला. मदत करायची नाही.

"दोन्ही," हे म्हणाले. "दोन्ही आधी… अळी." मग थांबून, "खा खा खातात."

आणि वेगळं काय?

"फुलपाखरू… दिवसा. लिंबावर. पितं." एक मोठा श्वास. "पतंग… रात्री. जेवत नाही. वाट… बघतो."

मुलगा सांगत गेला जर्मनमध्ये, आणि सांगताना दोघांनाही श्मेटरलिंग, श्मेटरलिंग म्हणत गेला. हे ऐकत होते. भाषा कळत नव्हती, पण एकच शब्द दोनदा आलाय हे त्या कानाला कळल्याशिवाय राहतंय? काठी आपटली. "काय… काय म्हणालास?"

मुलगा गडबडला. म्हणाला, "बाबा, यांच्यात दोघांना एकच शब्द आहे. फुलपाखराला पण आणि पतंगाला पण."

यांच्या भुवया वर गेल्या. अख्ख्या जर्मन भाषेचं मुद्रित समोर ठेवल्यासारखा चेहरा केला.

"मग यांचं," हे म्हणाले, "चुकलं."

मुलाला ते भाषांतर करायला जरा वेळ लागला. तिनं ऐकलं, आणि ती गोड मुलगी इतकी हसली की डोळे पुसायला लागली, आणि म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर. मग हातातलं पेन यांच्यापुढे धरलं. यांनी ते डाव्या हातात घेतलं, कागद ओढला, आणि वाकडंतिकडं का होईना लिहायला सुरुवात केली. 'प' झाला. 'त' झाला. वर अनुस्वार द्यायला हात उचलला. टिंब जरा बाजूला पडलं. यांनी ते खोडलं आणि पुन्हा दिलं, जिथे द्यायचं तिथे.